आईच्या माथी

मिठागरातल्या लोकांनी त्याचं नाव ढगोबा ठेवलं होतं. आभाळात बोटभर ढग दिसला तरी हातातलं दंताळं टाकून तो मान वर करायचा, आणि मग तासभर कामात त्याचं लक्ष नसायचं. लोक हसायचे. या वर्षी मात्र हसायला कुणी उरलं नव्हतं. दिवस पावसाचे नव्हते, तरी तीन दिवस आभाळ मळक्या फडक्यासारखं झालं होतं आणि ओलसर वारा सुटला होता. त्याचे दोन्ही गडी सडकेच्या कामावर निघून गेले होते. वाफ्यांत मीठ तयार होऊन पडलं होतं. एक सर आली असती तर चार महिन्यांची मेहनत पुन्हा पाणी झाली असती.

लेकीच्या लग्नाला चौदा दिवस उरले होते.

तो घरी आला तेव्हा लेक दारात भांडी घासत होती. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "जरा खाली येशील का?"

"खाली म्हणजे?"

"वाफ्यात. दोनच दिवस. कडेचं मीठ ओढून घेऊ, मग तू मोकळी."

लेकीनं हातातलं पातेलं पालथं घातलं. "आई काय म्हणायची ते माहीत आहे ना?"

"माहीत आहे. आई असती तर तीच उतरली असती. आता कोण आहे?"

पोर हात धुवायला उठली. आईचं नाव काढलं की ती उठेल हे ढगोबाला माहीत होतं, म्हणून तर तो तसं बोलला होता.

बायको जाऊन पाच महिने झाले होते. आठ दिवसांचा ताप काय आला आणि बाई गेली. पोर लग्नाची झाल्यापासून तिनं तिला बांधाच्या खाली उतरू दिलं नव्हतं. "एक पाऊल पाण्यात टाकलंस तर या दांड्यानं तंगडी मोडीन," म्हणायची, आणि दंताळ्याचा दांडा खरोखरच उगारायची. पोरीच्या वाटणीचं काम ती स्वतः ओढायची. संध्याकाळी स्वतःच्या टाचा भेगाळलेल्या तशाच ठेवून पोरीच्या पायांना तेल चोळत बसायची. ढगोबा चिडायचा. "पाय काय आरशात बघायचे आहेत का तिला?" बायको म्हणायची, "तिला नाही. दुसऱ्यांना. माझे बघून तुमची आई काय बोलली होती ते मी विसरलेले नाही."

सोयरीक जमवताना ढगोबानं मुलाकडच्या गिरणीवाल्यांना छाती पुढे काढून सांगितलं होतं, "आमची लेक मिठात उतरत नाही. घरात असते." तेव्हा बायको शेजारी बसलेली होती. सांगितलं तेव्हा ते खरंच होतं.

पहिल्या दिवशी लेकीनं आईचे रबरी बूट घातले. बुटांना बारीक भोकं होती. खारं पाणी आत शिरायचं आणि बाहेर निघायचं नाव घ्यायचं नाही. दुपारपर्यंत आत पाय शिजल्यासारखे झाले. दुसऱ्या दिवशी तिनं बूट बांधावर काढून ठेवले आणि अनवाणी उतरली.

काम काय, नवीन नव्हतं. दंताळं लांब टाकायचं, कंबरेतून मागे ओढायचं, मिठाचा ढीग करायचा, ढीग पाटीत भरायचा, पाटी डोक्यावर घेऊन बांध चढायचा, रास करायची, पुन्हा खाली. पण मीठ नव्या कातडीला ओळखून असतं. मिठाचे खडे काचेसारखे असतात, आणि जिथं कापतात तिथंच शिरतात. ढगोबाच्या पायांना त्याचं काही नव्हतं. त्याचे पाय केव्हाच लाकूड झाले होते. लेक तिसऱ्या दिवशी चवड्यांवर चालायला लागली. चौथ्या दिवशी बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी होऊन सोलली. पाटीच्या कडेनं तळहात फुटले. बांध चढताना तोंडानं वारा ओढल्यासारखा आवाज करायची, एवढंच.

ढगोबानं ते बघितलं होतं. बघून त्यानं आभाळाकडे मान फिरवली.

"झालंच आता," तो दर दोन पाट्यांनी म्हणायचा.

दोन दिवसांचे पाच झाले. पाचव्या दिवशी दुपारी शेवटची पाटी राशीवर पडली. त्यांनी ताडपत्री ओढली, कडेला दगड ठेवले, आणि अर्ध्या तासात टपटप थेंब आले. ढगोबा ताडपत्रीवरचा आवाज ऐकत एकटाच हसला. लहान पोरासारखा आनंद झाला होता त्याला. "बघितलंस?" म्हणून तो वळला, तर लेक बांधावर बसली होती आणि दोन्ही पाय जमिनीपासून वर धरून ठेवले होते. पावसाचं पाणी त्यांच्यावर पडू देत होती. टाचांच्या भेगांमधून गुलाबी मांस दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी लेकीची मावशी आली. ढगोबाच्या बायकोची ही धाकटी बहीण. तोंडाची फटकळ, मनाची मोकळी. आईच्या जागी उभं राहायचं म्हणून दोन पिशव्या कपडे घेऊन आली होती. पिशव्या खाली ठेवायच्या आधीच तिनं पोरीचे पाय बघितले.

"दाजी, हे काय करून ठेवलंत?"

"ढग आले होते."

"ढग आले म्हणून नवरीला रेड्यासारखी जुंपली? परवा तिला त्या पार्लरवालीकडे न्यायची आहे. विहीणबाईंनी ठरवून दिलंय ना, नवरीचं आणि नवरीच्या आईचं नटणं? काय दाखवणार तिथं?"

"मोजे घालेल."

"मोजे घालूनच नवऱ्याकडे नांदेल का?"

ढगोबा उठून राशीकडे गेला. तिथं काही काम नव्हतं. दगड नीट आहेत का ते बघून आला.

पार्लर तालुक्याला बाजाराच्या रस्त्यावर, औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. अरुंद जिना, वर काचेचं दार, आत दोन फिरत्या खुर्च्या आणि भिंतभर आरसा. आरशाभोवती दिव्यांची रांग. एका कोपऱ्यात मेण वितळवायचं यंत्र, एका कोपऱ्यात पाय बुडवायचा टब. बाकावर तीन बायका नंबर लावून बसल्या होत्या. ढगोबा जिन्यातच थांबणार होता, पण पार्लरवालीनं त्याला आत घेतलं. "काका, या, बसा. जिन्यात उभे राहिलात तर आमच्या बायका वर यायला लाजतात." त्याला दाराजवळ प्लास्टिकचं स्टूल मिळालं. चपला काढाव्यात की ठेवाव्यात हे त्याला कळेना. शेवटी त्यानं पाय स्टुलाखाली ओढून घेतले.

पार्लरवाली भराभर काम करणारी बाई होती. एक डोळा ग्राहकाकडे, एक घड्याळाकडे. तिनं आधी मावशीच्या डोक्याला कलप फासला आणि वर प्लास्टिकची टोपी चढवली.

"तुम्ही आई?"

"मावशी. आई नाही."

"बरं. आईच्या जागेवरच्या बाईचा मेकअप मी हलका ठेवते. तुम्ही रडणार का?"

"म्हणजे काय? लग्न आहे."

"थोडं की भरपूर? भरपूर असेल तर न ओघळणारं लावते. मागच्या वेळी एक आई न सांगता रडली आणि फोटोत भुतासारखी आली."

बाकावरच्या बायका हसल्या. मावशी म्हणाली, "मग मला दोन हात लावा. आमच्या घरात सध्या कारणांना तोटा नाही." तिनं आरशातून ढगोबाकडे बघितलं. तो स्टुलावर चुळबुळला.

मग लेकीची पाळी आली. पार्लरवालीनं तिची हनुवटी धरून तोंड इकडे-तिकडे वळवलं. "चेहरा छान आहे. उन्हानं थोडा रापलाय, ते झाकू. केस दाट आहेत, वर बांधू, मान लांब दिसेल. कपडे कोणत्या रंगाचे? अंजिरी? मग ओठ गडद नकोत." लेक पहिल्यांदाच जराशी हसली. ढगोबाचाही जीव भांड्यात पडला. एवढ्यात पार्लरवाली म्हणाली, "आणि हो, गिरणीवाल्या काकूंनी खास निरोप दिलाय. पाय नीट बघा म्हणाल्या. मोजे काढ गं."

ढगोबानं दाराकडे बघितलं. म्हणजे त्यांना संशय होता. ही बाई त्यांची माणूस होती आणि हे बोलावणं म्हणजे तपासणी होती. आता ही संध्याकाळी गिरणीत जाऊन सांगणार, तुम्हाला फसवलं म्हणून.

लेकीनं मोजे काढले. एका टाचेला मोजा चिकटला होता, तो ओढताना तिनं डोळे मिटले. पार्लरवालीनं टबात कोमट पाणी ओतलं, सवयीनं बरणी उघडून दोन चमचे पांढरं काहीतरी टाकलं. "मीठ आहे. मिठानं पाय मऊ पडतात."

लेकीनं पाय बुडवला आणि झटक्यात वर काढला. पाणी पार्लरवालीच्या अंगावर उडालं. तिनं तो पाय पकडून मांडीवर घेतला, उजेडाकडे वळवला आणि बघत राहिली. बाकावरच्या बायकाही पुढे वाकल्या.

"अगं बाई," पार्लरवाली म्हणाली. "पंधरा वर्षं पाय घासतेय मी. असे नाही बघितले. मुलगी घरात असते म्हणाले होते ना गिरणीवाले? घरात काय, दगड फोडते का ही?"

एक बाई फिसकन हसली. लेक मान खाली घालून बसली. पाय दुसऱ्याच्या मांडीवर होता, तो तिला लपवता येईना. पार्लरवालीनं ढगोबाकडे मान वळवली. "कशानं झालं हो काका हे?"

सगळ्या खोलीनं त्याच्याकडे बघितलं. आणि त्याच्या तोंडातून आपोआप निघालं, "तिची आई होती ना. तिनं उतरवली मिठात. लहानपणापासून. मी नको म्हणायचो. ऐकायची नाही ती."

"दाजी," मावशी खुर्चीतून अर्धी उठली.

"हलू नका," पार्लरवालीनं तिचा खांदा दाबला. "कलप डोळ्यात गेला तर आंधळ्या व्हाल." मग ढगोबाला म्हणाली, "गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत. पण असतात काही आया. पोरीपेक्षा काम मोठं."

"पोटच्या पोरीला," बाकावरची एक म्हणाली आणि जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं. दुसरीनंही केलं. तिसरीनंही.

ढगोबानं मान हलवली. नुसतं बोलून थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं, पण त्यानं मान हलवली. असतात खऱ्या अशा आया, म्हणाल्यासारखी. मग त्याची नजर आरशाकडे गेली. लेक आरशातून त्याच्याकडे बघत होती. रडत नव्हती, रागावलीही नव्हती. ओळख पटवत असल्यासारखी बघत होती.

तिघं बसनं परत निघाले. मावशीचे केस काळेभोर झाले होते आणि कपाळावर कलपाची एक रेघ राहिली होती, पण तिला ते सांगायची कुणाची इच्छा नव्हती. घरी आल्यावर तिनं पिशवी आपटली. "माझी बहीण चितेवर गेली आणि वर ही काजळी तिच्या तोंडाला? कशासाठी हो दाजी?"

"ती बाई गिरणीवाल्यांची माणूस आहे. लग्न मोडलं असतं."

"मग म्हणायचं, मी उतरवली."

"बापानं उतरवली म्हटलं तर मी खोटा ठरतो. सोयरीक माझ्या शब्दावर जमली आहे."

"आणि ती?"

"ती गेली आहे. तिला आता काय."

तो हे बोलला आणि त्याचं त्यालाच ऐकवेना. लेक भिंतीला टेकून पायांना पार्लरवालीनं दिलेलं मलम लावत होती. ती वर न बघता म्हणाली, "ती इथं असती तर तिच्या तोंडावर बोलला असतात?"

"नाही."

"मग झालं." मलमाचं झाकण लावून ती म्हणाली, "बाबा, लग्नात मला हात धरून मावशी नेईल. तुम्ही मागून या."

"लोक काय म्हणतील?"

"काहीही सांगा. तुम्हाला सांगता येतं."

ढगोबाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. माणूस मेल्यावर घरात जी जागा रिकामी होते तिच्याकडे तो पाच महिने बघत आला होता. उशाशी, दाराशी, बांधावर. आज पहिल्यांदा त्याला त्या जागेकडे बघवेना. तिनं कधी उलट उत्तर दिलं नव्हतं असं नाही, चांगली भांडायची. पण आज तिला उत्तर देता येणार नाही हे ओळखूनच तो बोलला होता. चोर निदान कुणी जागं नाही ना, ते बघून तरी घेतो. त्याला तेवढंही करावं लागलं नव्हतं.

सकाळी तो चालत गिरणीत गेला. विहीणबाई धान्य तोलत होती. पापण्यांपर्यंत पिठानं पांढरी झाली होती.

"विहीणबाई, एक सांगायचं होतं. लेक आमची मिठात उतरली होती. गेल्या आठवड्यात. मीच उतरवली."

विहीणबाईनं काटा स्थिर होऊ दिला. "माहीत आहे."

"कसं?"

"त्या रस्त्यानं जात होते मी. बांधावरून पाटी घेऊन चढताना बघितली तिला. लंगडत होती. म्हणून तर पार्लरवालीला सांगितलं, बाई, पाय नीट बघ, काही औषधबिषध दे. दिलं का तिनं?"

"दिलं."

"हा माझा खांदा बघा. पोती उचलून एक वर, एक खाली झालाय. आम्ही काय गादीवर बसून राहिलोय? काम करणारी पोर कुणाला नको?" ती हसली. "तुम्ही ते मिठात उतरत नाही म्हणालात तेव्हा आमचे हे म्हणाले, मग करते काय दिवसभर?"

ढगोबानं हसायचा प्रयत्न केला. लग्न कुठंच मोडणार नव्हतं. मोडण्यासारखं काही नव्हतंच. कुणी जाब विचारला नव्हता, कुणी धरलं नव्हतं, आणि त्यानं आपल्या हातानं बायकोला पुढे ढकलून दिलं होतं.

घरी येऊन तो म्हणाला, "सांगून आलो. त्यांना माहीतच होतं."

लेकीनं विचारलं, "आईचं सांगितलंत?"

"तिथं आईचा काय विषय? तिथं तिला कुणी काही बोललंच नव्हतं."

"जिथं बोललात तिथं सांगितलंत का?"

त्यानं सदरा काढून खुंटीला अडकवला.

"मग काहीच सांगितलं नाहीत," लेक म्हणाली आणि उठून आत गेली. आता टाचा टेकत होत्या तिच्या, पण हळू.

लग्नाच्या दिवशी उजाडताच ते पार्लरमध्ये पोचले. मुहूर्त दाट होते. एका खुर्चीत आधीच दुसरी एक नवरी होती, आणि तिसरी बाकावर तिच्या आईबरोबर ओल्या केसांनी बसली होती. खुर्चीतल्या नवरीची आई डोळे मिटून भुवया कोरून घेत होती. खोलीत पावडर, गरम केस आणि फुलांच्या तेलाचा वास भरला होता. पार्लरवालीच्या हाताखाली आज दोन मुली होत्या, तरी ती घामाघूम झाली होती. लेक रिकाम्या खुर्चीत बसली. मावशीला बाकावर जागा झाली.

"काका, आज खाली थांबा. आज पाय ठेवायला जागा नाही."

ढगोबा खाली गेला. औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसला. दुकान बंद होतं. रस्ता झाडणारी बाई त्याच्या पायांजवळून झाडून गेली. त्याच्या अंगावर नवा सदरा होता, गळ्याशी काचत होता. तो एकदा उठला, चार पायऱ्या चढला आणि उतरला. दुसऱ्यांदा उठला तेव्हा त्यानं चपला खालीच ठेवल्या, म्हणजे वर दारात घुटमळायला सबब राहू नये. मग वर जाऊन त्यानं काचेचं दार ढकललं.

"काका, सांगितलं ना," पार्लरवाली म्हणाली. तोंडात चार पिना होत्या. लेकीचे केस वर बांधत होती.

"दोन शब्द बोलायचे आहेत."

"बोला लवकर."

"त्या दिवशी मी हिच्या आईबद्दल बोललो. ते खोटं होतं."

पार्लरवालीनं पिन खोचली. "कुणाच्या आईबद्दल?"

"हिच्या. पाय बघितलेत ना तुम्ही."

"पाय?" तिनं आठवून बघितलं. तिला काही आठवेना. "काका, त्या दिवसापासून अकरा नवऱ्या झाल्या माझ्या. काय बोलला होतात तुम्ही?"

ढगोबाला वाटलं होतं, खोटं होतं म्हटलं की सुटलो. आता ते सगळं पुन्हा पहिल्यापासून आपल्या तोंडानं सांगायचं होतं, आणि ते ऐकायला त्या दिवसापेक्षा दुप्पट बायका होत्या. केस वाळवायचं यंत्र बंद झालं. भुवया कोरणारी मुलगी दोरा धरून थांबली. लेकीचे डोळे मिटलेले होते. दुसरी मुलगी तिच्या पापण्यांना रंग लावत होती.

"मी म्हणालो होतो," तो म्हणाला, "की हिचे पाय हिच्या आईनं खराब केले. तिनं मिठात उतरवली, मी नको म्हणायचो. मग तुम्ही म्हणालात, असतात अशा आया. मी मान हलवली." त्यानं मागचं दार लावून घेतलं. "तसं नाही. उतरवली मी. लग्नाला चौदा दिवस असताना उतरवली. पाच दिवस. पाय फुटलेले दिसत होते तरी उतरवली. ती असती तर तिनं मला उतरवू दिलं नसतं. ती स्वतः हिच्या वाटणीचं ओढायची. संध्याकाळी हिच्या पायांना तेल लावायची. मी तिला हसायचो."

बाकावरच्या एका आईनं नजर खाली वळवली आणि त्याच्या अनवाणी पायांकडे बघितलं. त्यानं पाय हलवले नाहीत.

"एवढंच," तो म्हणाला. "तुमच्या ध्यानात नव्हतं, पण तुम्ही तिला नावं ठेवली होती. ते माझ्यामुळे. तिनं पोरीला पाण्याला शिवू दिलं नव्हतं. चांगली दोन वर्षं."

"अडीच," लेक म्हणाली.

डोळे मिटलेलेच होते तिचे. रंग लावणारी मुलगी म्हणाली, "ताई, बोलू नका, रेघ हलते."

"अडीच वर्षं," ढगोबा म्हणाला.